निर्दोष सुटल्यानंतर पोलिसांतली नोंद: गोव्यात ती कशी निस्तरायची

निकाल ऐकून माणूस न्यायालयाबाहेर पडतो तेव्हा संपलेला असतो तो खटला. त्याच्या नावाची नोंद मात्र निदान चार-पाच ठिकाणी तशीच बसलेली असते: पोलीस ठाण्याच्या एफआयआर दफ्तरात, सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक जाळ्यात, बोटांच्या ठशांच्या राष्ट्रीय साठ्यात, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर, आणि अटकेची बातमी छापून आली असेल तर इंटरनेटवर. निर्दोष ठरताच हे सगळे आपोआप पुसून टाकणारा एकही सर्वसाधारण कायदा भारतात नाही. आहेत ते कायद्याचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा अर्ज, वेगळे टेबल. न्यायालयाचा निकाल त्या प्रत्येक टेबलापर्यंत तुम्हालाच पोचवावा लागतो. निर्दोष माणसावर हे ओझे पडावे हा अन्यायच आहे. पण कागद वेळेवर आणि योग्य क्रमाने हलवले तर बरेच काही दुरुस्त होते.

आधी पाहा, खटला संपला कसा

"केस सुटली" या दोन शब्दांत पाच-सहा वेगवेगळे शेवट दडलेले असतात. पुढचा प्रत्येक अर्ज त्यावर अवलंबून असतो, म्हणून निकालपत्राचा शेवटचा, आदेशाचा परिच्छेद नीट वाचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. त्याआधी सुरू झालेल्या खटल्यांच्या कागदांवर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे दिसतील, म्हणून इथे जुनी कलमे कंसात दिली आहेत.

पुराव्याअंती सुटका झाली तर ती निर्दोष मुक्तता. आरोप निश्चित होण्याआधीच न्यायालयाने सोडले तर ती दोषारोपातून मुक्तता. या दोहोंतला फरक मोठा आहे. निर्दोष मुक्ततेनंतर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही (कलम ३३७, जुने ३००). दोषारोपातून मुक्त झालेल्याला ते संरक्षण मिळत नाही. दोन्ही पक्षांत तडजोड होऊन कलम ३५९ (जुने ३२०) खाली प्रकरण मिटले, तर कायदा त्याला निर्दोष मुक्तताच मानतो. सरकारी वकिलाने खटला मागे घेतला असेल (कलम ३६०, जुने ३२१), तर आरोप निश्चित होण्यापूर्वी ती दोषारोपातून मुक्तता ठरते आणि नंतर निर्दोष मुक्तता. समन्स खटल्यात, म्हणजे कमी गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात, तक्रारदार तारखेला आलाच नाही म्हणून सुटका झाली (कलम २७९, जुने २५६), तर तीही निर्दोष मुक्तताच. पोलिसांनीच तपासाअंती "काही आढळले नाही" असा समरी अहवाल दिला असेल, तर तो दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केल्याचा आदेश हाती हवा. नुसता अहवाल पुरत नाही.

शांतता भंगाच्या भीतीने झालेली कारवाई, जिला सगळे "चॅप्टर केस" म्हणतात, ती गुन्ह्याची शिक्षा नव्हेच. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर, म्हणजे मामलेदार किंवा उपजिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत चालते. कारवाई बंद झाल्याचा आदेश तिथूनच घ्यावा लागतो. तो कुणी घेत नाही, आणि वर्षांनंतर पासपोर्टच्या पडताळणीत तीच नोंद वर येते.

आता सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक. मटका, जुगार, किरकोळ मारामारी, बेदरकार वाहन चालवणे अशा प्रकरणांत पहिल्या तारखेलाच सल्ला मिळतो: कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. असा दंड म्हणजे दोषसिद्धी. रक्कम पाचशे रुपये असली तरी. ज्या गुन्ह्याला कायद्यात तुरुंगवास सांगितला आहे त्यात एकदा अशी कबुली दिली, की पुढे एखाद्या खोट्या प्रकरणातून तुम्ही पूर्ण निर्दोष सुटलात तरी ठसे नष्ट करून घेण्याचा हक्क गेलेला असतो. कसा, ते खाली येईल. कबुली द्यायच्या आधी वकिलाला विचारा की तडजोडीचा मार्ग खुला आहे का. दोषी ठरलातच, तर परिवीक्षा अधिनियम १९५८ खाली, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर, सोडण्याची विनंती करा. त्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता लागत नाही.

नकला आणि थांबण्याचा काळ

निकालाच्याच आठवड्यात त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करा. एक नव्हे, चार मागा: एक पोलीस अधीक्षकांना दाखवायला, एक पासपोर्टसाठी, एक नोकरीसाठी, एक घरी. झेरॉक्सवर कुठलेच कार्यालय समाधानी होत नाही. शिवाय जुने दफ्तर जिल्हा नोंदगृहात गेल्यावर तीच प्रत काढायला आठवडे लागतात. निकालाबरोबर एफआयआर आणि आरोपपत्राचे पहिले पानही घ्या. पोलीस ठाणे प्रकरण ओळखते ते गुन्हा क्रमांकावरून, न्यायालय ओळखते खटला क्रमांकावरून. हे दोन्ही क्रमांक एकाच कागदावर नसले की ठाण्यातला हवालदार "असे प्रकरणच सापडत नाही" म्हणून परत पाठवतो. ई-कोर्ट्सवरचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांकही टिपून ठेवा.

नाव तपासा. गोव्यात नाईक, गावकर, शेट यांसारखी आडनावे रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. एफआयआरमध्ये एक, आधारवर दुसरे, निकालात तिसरे असे सर्रास दिसते. निकालपत्रातच चूक असेल तर त्याच न्यायालयात दुरुस्तीचा अर्ज लगेच करा. पुढे शपथपत्रे जोडत बसण्यापेक्षा ते सोपे. नाव बदलून घेऊ म्हणजे सुटू, हा विचार मात्र सोडून द्या. ठसे नावावर चालत नाहीत.

अपिलाची मुदत हा दुसरा हिशेब. निर्दोष मुक्ततेविरुद्ध राज्य सरकारला अपिलासाठी ९० दिवस असतात. खाजगी तक्रारीवरच्या खटल्यात तक्रारदाराला उच्च न्यायालयाकडे अपिलाची खास परवानगी ६० दिवसांत मागावी लागते, तक्रारदार सरकारी सेवक असेल तर सहा महिन्यांत. पीडित व्यक्तीलाही अपिलाचा स्वतंत्र हक्क आहे. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात आणि उशीर माफही होऊ शकतो. म्हणून नोंद नष्ट करण्याच्या अर्जासाठी निदान चार महिने थांबा. मग ई-कोर्ट्सवर सत्र न्यायालयात आणि पर्वरीच्या उच्च न्यायालयात नावाने आणि एफआयआर क्रमांकाने शोध घेऊन, अपील दाखल नसल्याची छापील पाने अर्जाला जोडा. पोलिसांची नोंद अद्ययावत करण्याच्या अर्जाला मात्र असे थांबायचे कारण नाही.

जामिनाचेही विसरू नका. सुटकेच्या वेळी वरच्या न्यायालयात हजर राहण्यासाठी घेतलेला जातमुचलका सहा महिने चालतो (कलम ४८१, जुने ४३७ अ). तो संपला की रोख जामीन परत मागा. न्यायालयात जमा केलेला पासपोर्ट, जप्त झालेला मोबाईल, गाडीचे कागद यांसाठी अर्ज करावाच लागतो, ते आपोआप घरी येत नाहीत.

पोलीस ठाणे आणि अधीक्षक कार्यालय

एफआयआर पुसली जात नाही. ती झाली होती ही वस्तुस्थिती दफ्तरात राहते. तुम्ही मागायचे ते हे, की त्या नोंदीसमोर अंतिम निकाल चढवावा. सीसीटीएनएसमध्ये प्रकरण "न्यायप्रविष्ट" म्हणून अडकून राहणे हे पडताळणीतल्या बहुतेक त्रासांचे मूळ आहे. न्यायालयाचा निकाल ठाण्यापर्यंत कागदाने पोचतो, तिथे कुणी तो संगणकात भरला नाही तर यंत्रणेच्या दृष्टीने तुम्ही अजून आरोपीच.

अर्ज त्या पोलीस ठाण्याच्या निरीक्षकांच्या नावे, प्रत जिल्ह्याच्या अधीक्षकांना: उत्तर गोव्याचे कार्यालय पर्वरीला, दक्षिणेचे मडगावला. गुन्हा क्रमांक, कलमे, खटला क्रमांक, निकालाची तारीख लिहा आणि तीन मागण्या वेगवेगळ्या मांडा. सीसीटीएनएसवर अंतिम निकाल नोंदवावा. संहितेच्या कलम ३७ खाली अटक झालेल्यांची नावे ठाण्यात आणि डिजिटल स्वरूपात लावली जातात, त्या यादीत नाव राहिले असेल तर काढावे. हिस्टरी शीट, म्हणजे सराईत समजलेल्या माणसावर नजर ठेवायला पोलीस ठेवतात ती नोंद, उघडले असेल तर त्याचा फेरविचार करावा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे की हिस्टरी शीट हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज आहे, जाहीर करण्याचा नव्हे, आणि त्याची वेळोवेळी वरिष्ठांकडून तपासणी झाली पाहिजे. अर्जात या तारखेचा उल्लेख करा.

आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. महिन्याभरात उत्तर नाही आले तर अधीक्षक कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. प्रश्न सरळ असावेत: अमुक गुन्हा क्रमांकाची सीसीटीएनएसवरची आजची स्थिती काय, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, नाही दिले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. पुष्कळदा नोंद दुरुस्त होते ती या अर्जाचे उत्तर तयार करायच्या धावपळीतच.

ठसे, फोटो आणि मोजमापे

इथे मात्र कायदा तुमच्या बाजूने स्पष्ट उभा आहे, आणि हाच हक्क सगळ्यांत कमी वापरला जातो.

फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम २०२२ हा ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाला. अटकेत घेतलेले बोटांचे आणि तळहाताचे ठसे, छायाचित्रे, बुबुळाचे स्कॅन वगैरे नोंदी (कायद्याच्या भाषेत "मोजमापे") राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, ७५ वर्षे ठेवू शकतो. पण कलम ४(२) चे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, सांगते की पूर्वी तुरुंगवासास पात्र अशा कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेली व्यक्ती खटल्याविना सोडली गेली, दोषारोपातून मुक्त झाली किंवा निर्दोष सुटली, आणि सगळे कायदेशीर मार्ग संपले, की या नोंदी नष्ट केल्या पाहिजेत. न्यायालयाने लेखी कारण देऊन राखून ठेवायला सांगितले असेल तेवढाच अपवाद. वर कबुलीच्या दंडाबद्दल सांगितले ते यासाठी: "पूर्वी दोषी न ठरलेली" ही अट त्या छोट्या दंडानेही मोडते.

कायदा "नष्ट केल्या जाव्यात" म्हणतो, पण प्रत्यक्षात मागणी केल्याशिवाय काही हलत नाही. २०२२ च्या नियमांनुसार विनंती राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची. तुमची नोंद दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याशी जोडलेली नाही याची खात्री करून तो एनसीआरबीकडे नष्ट करण्याची शिफारस करतो. अर्ज अधीक्षकांमार्फत "नोडल अधिकारी, गोवा राज्य" या नावे द्या आणि एक प्रत ठाण्याला. मजकूर असा पुरतो:

"मला … पोलीस ठाण्याच्या गुन्हा क्र. … मध्ये दि. … रोजी अटक झाली व माझे ठसे आणि छायाचित्रे घेण्यात आली. खटला क्र. … मध्ये … न्यायालयाने दि. … रोजी माझी निर्दोष मुक्तता केली. या निकालाविरुद्ध अपील अथवा फेरतपासणी अर्ज प्रलंबित नाही. यापूर्वी तुरुंगवासास पात्र अशा कोणत्याही गुन्ह्यात मी दोषी ठरलेलो नाही. नोंदी राखून ठेवण्याचा आदेश न्यायालयाने दिलेला नाही. तरी अधिनियमाच्या कलम ४(२) च्या परंतुकानुसार राज्य व राष्ट्रीय पातळीवरील माझ्या सर्व मोजमापांच्या नोंदी नष्ट करून तसे लेखी कळवावे."

सोबत निकालाची प्रमाणित प्रत, अपील नसल्याची पाने, ओळखपत्र आणि "यापूर्वी दोषी नाही" असे शपथपत्र. "राज्य व राष्ट्रीय" हे शब्द गाळू नका. ठाण्यातली कागदी प्रत फाडली तरी नाफिस या राष्ट्रीय ठसे प्रणालीतली नोंद शिल्लक राहू शकते. ठसे ऑगस्ट २०२२ च्या आधी घेतलेले असतील तर १९२० च्या कैदी ओळख अधिनियमाचे कलम ७ सुद्धा उद्धृत करा. ठसे आणि फोटो नष्ट करावेत किंवा त्या व्यक्तीला परत द्यावेत, असे तेही सांगत होते.

खटला अजून चालू असेल तर याहून सोपा उपाय आहे. अंतिम युक्तिवादातच वकिलाने न्यायाधीशांना विनंती करावी की निर्दोष मुक्ततेच्या आदेशात मोजमापे नष्ट करण्याची एक ओळ घालावी. ती एक ओळ पुढचे कित्येक महिने वाचवते. एफआयआर रद्द करून घेण्यासाठी पर्वरीला कलम ५२८ (जुने ४८२) खाली गेलात तर याचिकेच्या मागण्यांतच सीसीटीएनएसवरची नोंद आणि ठसे यांबद्दलचा निर्देश मागा. एफआयआर रद्द झाली म्हणून संगणकातली नोंद आपोआप बदलत नाही.

पासपोर्ट, पीसीसी आणि विमानतळ

आखातातली नोकरी, जहाजावर जाणारा तारवटी, पोर्तुगालचे कागद: पीसीसी, म्हणजे गुन्हेगारी नोंदीबाबतचा पोलिसांचा दाखला, कधीच लागली नाही असे घर गोव्यात विरळा. परदेशासाठीची पीसीसी पासपोर्ट सेवेवरून मिळते, शुल्क ५०० रुपये. पडताळणी पोलीस ठाण्यातूनच होते, म्हणून आधी सीसीटीएनएस दुरुस्त करा, मग अर्ज भरा. क्रम उलटा झाला की प्रतिकूल शेरा येतो आणि तो काढण्यात दुप्पट वेळ जातो. पडताळणीच्या दिवशी प्रमाणित प्रत हातात असू द्या.

पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(च) खाली नकार देता येतो तो फौजदारी न्यायालयात कार्यवाही प्रलंबित असेल तर. निर्दोष सुटल्यावर, अपील नसेल तर ते कारण उरत नाही. खटला चालू असताना २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेखाली न्यायालयाची परवानगी आणून एक वर्षाचा पासपोर्ट घेतला असेल, तर आता निकाल जोडून पूर्ण मुदतीचा मागा.

तुमच्या नावे लूक आऊट सर्क्युलर, म्हणजे देशाबाहेर जाताना अडवण्याची इमिग्रेशनला दिलेली सूचना, निघाले होते का, हे तपास अधिकाऱ्याकडे लेखी विचारा. ते काढणाऱ्या यंत्रणेने रद्द करण्याची विनंती पाठवेपर्यंत चालूच राहते. निर्दोष माणूस मोपाला किंवा दाबोळीला इमिग्रेशनच्या खिडकीशी अडवला जातो तो यामुळे. निकालाची प्रत जोडून अधीक्षकांना ते रद्द करायला कळवा, आणि रद्द झाल्याचे पत्र प्रवासात जवळ ठेवा.

नोकरीच्या फॉर्मवर काय लिहायचे

जे विचारले आहे त्याचे खरे उत्तर. "कधी अटक किंवा खटला झाला होता का" असा प्रश्न असेल तर होय लिहून निर्दोष मुक्ततेचा तपशील द्या. "सध्या खटला प्रलंबित आहे का" एवढेच विचारले असेल तर नाही. अवतार सिंह विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माहिती खरी असली पाहिजे, आणि दडवली की नाही हे ठरवताना फॉर्ममध्ये नेमके काय विचारले होते ते पाहायचे. निर्दोष सुटलेले लोक सरकारी नोकरी गमावतात ते पुष्कळदा गुन्ह्यामुळे नव्हे, लपवल्यामुळे. ठसे नष्ट झाले तरी हे उत्तर बदलत नाही. अमेरिकी व्हिसाचा फॉर्म तर दोषसिद्धीबरोबर अटकेबद्दलही विचारतो.

त्याच निकालानुसार गंभीर गुन्ह्यातून तांत्रिक कारणाने किंवा संशयाचा फायदा मिळून सुटलेल्यांच्या बाबतीत नियोक्ता बाकीची परिस्थिती विचारात घेऊ शकतो. म्हणून निकालपत्रातले शब्द मोलाचे. साक्षीदारांनी आरोपीचे नावच घेतले नसेल, तर युक्तिवादात "संशयाचा फायदा द्या" यावर थांबू नका. पुरावाच नाही, असा निष्कर्ष नोंदवावा अशी मागणी वकिलाला आग्रहाने करायला सांगा.

अठरा वर्षांखालील मुले

इथे कायदा सर्वांत उदार आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ नुसार दोषी ठरलेल्या मुलालाही अपात्रता चिकटत नाही, आणि अपिलाची मुदत गेल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. २०१६ च्या नियमांत त्याची कमाल मर्यादा सात वर्षे आहे. सोळा वर्षांवरील मुलाला बाल न्यायालयाने दोषी ठरवले असेल तर, तसेच अघोर गुन्ह्यांत, नियम वेगळे. प्रकरण मिटल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी मुलाची नोंद उघड करायला कलम ७४ ने पोलिसांना सक्त मनाई आहे.  चारित्र्य दाखल्यावर जुनी नोंद उमटली तर बाल न्याय मंडळाकडे लेखी तक्रार करा.

इंटरनेटवरचे नाव

या बाबतीत कायदा अजून स्थिरावलेला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्या एका माणसाचा निकाल शोधयंत्रांपासून दूर ठेवायचा अंतरिम आदेश दिला. केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये, खुल्या न्यायदानात असा हक्क सरसकट मागता येणार नाही असे म्हटले. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नाव झाकण्याचा आदेश दिला, त्याला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्थगिती दिली. तेव्हा पर्वरीला याचिका करता येते, पण यशाची हमी कुणी वकील देत असेल तर सावध व्हा. खर्चाच्या मानाने जास्त उपयोगी पडते ते वर्तमानपत्राच्या संपादकांना निकालाची प्रत पाठवून जुन्या बातमीखाली "निर्दोष मुक्तता" ही ओळ जोडायची विनंती. बातमी काढून टाका म्हटले की नकार येतो, पूर्ण करा म्हटले की बहुधा ऐकतात.

वरचे बहुतेक अर्ज वकिलाशिवाय करता येतात. याचिकेपर्यंत जावे लागले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना ठरलेल्या उत्पन्न मर्यादेत. मदत क्रमांक १५१००. जाताना निकालाची प्रत, आवक शिक्क्याचे सगळे अर्ज आणि माहिती अधिकाराची उत्तरे तारखेच्या क्रमाने एका फाईलमध्ये लावून न्या.